मागच्या दाराचा रंग

गाडीला वॅक्स लावू, सीलंट मारू की कोटिंग करून घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "गाडी उभी कुठे करता? आणि रोज पुसतं कोण?" लोकांना वाटतं, बाई विषय टाळतायत. एका गृहस्थांनी तर ऐकवलं, "तुम्ही गाडी बघा, आमच्या घरात कशाला शिरता?" पण खरं उत्तर तिथेच असतं. गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये आहे की कबुतरांच्या खाली, धुवायला नळाचं पाणी की बोअरचं, पुसणारा कपडा धुऊन घेतो की कालचाच झटकून वापरतो, हे कळल्याशिवाय काहीही सुचवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. येरवड्यात आमची पत्र्याची शेड होती आणि आमचे हे गाड्यांचे पेंटर. आख्खी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणायची. नव्वदनंतर रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर मेटॅलिक रंग आले, त्यावर मारायचा पारदर्शक थर आला आणि तो थर कडक व्हावा म्हणून हार्डनर नावाचं एक जहाल द्रव्य आलं. यांनी ते वर्षानुवर्षं तोंडाला रुमाल बांधून मारलं. पुढे जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, "रंग किंवा फुफ्फुसं, दोन्हीपैकी एक निवडा." निवडायला यांनी आठवडा घेतला. यावरून त्यांचं रंगावरचं प्रेम लक्षात यावं.

पॉलिशच्या कामात फवारा नसतो, म्हणून पॉलिश सुरू केलं. पण मशीन धरून चार तास वाकणंही यांना जमेना. मी तेव्हा घरी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल-बिडिंग करायचे. एक दिवस हे म्हणाले, "शैला, तुझा हात स्थिर आहे. उभी राहा जरा." उभी राहिले, ती बावीस वर्षं. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारायचं, "मालक आहेत का?" मी म्हणायचे, "बोला." "नाही, म्हणजे काम कोण करतं?" "तीच बोलतेय." एक आजोबा सहा तास हात मागे बांधून माझ्या डोक्यावर उभे राहिले, शेवटी बॉनेटवरून एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे." आपल्या गावात याला प्रशस्तिपत्रक म्हणतात.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाडीचा रंग म्हणजे प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक थर. तिन्ही मिळून जाडी अर्ध्या पोस्टकार्डाएवढी. ऊन, धूळ, पक्ष्यांची घाण हे सगळं वरचा थर झेलतो, आणि आपण जे लावतो ते त्या थराचं संरक्षण.

वॅक्स हे एका जातीच्या ताडाच्या पानांवरचं मेण. हाताने लावायचं, हाताने पुसायचं. गडद रंगावर लावलं की रंगाला खोली येते, दुसऱ्या कशाने ती तशी येत नाही. पण पुण्याच्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं आणि पावसाळ्यात त्याहून कमी. सीलंट कारखान्यात बनतं. चार-सहा महिने पुरतं, चमक जरा काचेसारखी, कोरडी. ज्यांना गाडीची काळजी आहे पण वेळ नाही, त्यांना मी तेच सांगते. आणि कोटिंग म्हणजे शाईच्या बाटलीहून लहान बाटलीतला द्रव. तो रंगाला घट्ट धरून बसतो आणि वाळून कडक होतो. नीट राखलं तर दोन-तीन वर्षं जातात. मात्र त्याने ओरखडे पडत नाहीत ही जाहिरातदारांची श्रद्धा आहे. हिंजवडीचे तरुण इंटरनेटवर सगळं वाचून यायचे. एकाने विचारलं, "मॅडम, दगड मारून टेस्ट करू का?" म्हटलं, "करा की. आधी मित्राच्या गाडीवर करा."

कोटिंगची एक गोष्ट मात्र कुणी जाहिरातीत लिहीत नाही. ते खाली जे असेल ते तसंच बंद करून टाकतं. खाली स्वच्छ, वाळलेला, गुळगुळीत रंग असेल तर तो बंद होतो. खाली खोट असेल तर खोटही बंद होते. वॅक्स चुकलं तर आपोआप उतरतं, कोटिंग चुकलं तर घासून काढावं लागतं आणि त्याबरोबर रंगही जातो.

आयटीची माणसं वाढली तसं कोटिंगचं वेड आलं. एका मोठ्या शोरूमने नव्या गाड्या आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. गाडीबरोबर कोटिंग भेट, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून यायला लागलं. शेडच्या जागी पक्कं दुकान झालं, कामाला दोन बायका ठेवल्या.

अशीच एक गडद निळी गाडी एका सकाळी आली. घेऊन आले होते वानखेडेकाका. मूळचे वर्ध्याकडचे, खडकीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी केलेले, निवृत्त. गाडी मुलीची, प्रज्ञाची. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या घरातली ही पहिली गाडी. आरशाला अजून हार होता.

"जय भीम, ताई," काका म्हणाले. "पोरीनं सांगितलं, गाडीपासून हलू नका. म्हणून मी इथंच बसतो. चालते ना?"

"चालतं की. चहा घ्या."

गाडी धुतली, चिकणमातीच्या वडीने रंगावरची खरखर काढली आणि दिवा लावून पाहायला लागले. डाव्या मागच्या दारावर दिव्याच्या उजेडात बारीक, एकाच दिशेने गेलेल्या रेघा दिसल्या. पॉलिश पेपरच्या. नव्या गाडीवर त्या असायचं कारण नाही. दाराच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर एक धार लागली. चिकटपट्टी लावून रंग मारला की पट्टी काढल्यावर राहते ती. मग रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं. बाकी सगळी गाडी एकसारखी, आणि या दारावर आकडा जवळजवळ दुप्पट. शेजारच्या पत्र्यावरही तसंच.

मी यांना हाक मारली. हे आले, दाराशी वाकले आणि नाकाने एक श्वास घेतला. डॉक्टरांनी मनाई केलेला श्वास. मग दाराच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख दाबलं. नखाची खूण राहिली.

"ताजा आहे," हे हळूच म्हणाले. "दोन आठवडे झाले असतील. भट्टीत नीट भाजलेलाही नाही. आतलं थिनर अजून उडतंय. यावर कोटिंग मारलंस तर थिनर आतच कोंडेल. सहा-आठ महिन्यांत दार ढगाळ होईल."

काका पेपर वाचत होते. मी आत जाऊन शोरूमच्या मॅनेजरना फोन लावला.

"हो, हो, माहीत आहे," ते म्हणाले. "ट्रेलरवरून उतरवताना जरा घासली. आम्ही फर्स्ट क्लास टच-अप करून घेतलाय. तुम्ही कोटिंग मारून टाका."

"गिऱ्हाइकाला सांगितलंय का?"

"मॅडम, एवढ्यासाठी कशाला घाबरवायचं माणसाला? आणि याआधी तुम्ही केलेलंच आहे की."

हे शेवटचं वाक्य खरं होतं.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी आपटे सरांची चंदेरी गाडी त्याच शोरूमकडून आली होती. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, सहकारनगरात राहणारे. त्यांच्या गाडीच्या पुढच्या दारावर मीटरने असाच आकडा दाखवला होता. शोरूमचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. हे त्या दिवशी दवाखान्यात होते. मी मीटर ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कोटिंग मारलं. आठ महिन्यांनी सर परत आले. दारावर पांढुरकी झाक, कडेला पापुद्रा. मी म्हटलं, "सर, गाडी उन्हात लावता ना?" सर ओशाळले. "लावतो खरा. चूक माझीच आहे." पंधरा दिवसांनी पुन्हा आले, ते कापडी कव्हर शिवून घेऊन. मला दाखवायला. "हे जाड आहे का पुरेसं? तुम्ही सांगाल तसं बदलून घेतो." मी कापड चाचपून म्हटलं, "चांगलं आहे." ब्लाउज शिवणारी बाई, कापडाबद्दल तरी खरं बोलले.

हे मी यांनाही सांगितलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते.

"याआधी केलेलं म्हणजे काय?" यांनी विचारलं.

सांगितलं. यांनी वळून बाहेर काकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता बाहेर बसलेत त्यांचं काय करणार आहेस?"

"शोरूमचं काम जाईल."

"जाईल."

एवढंच. यांनी सल्ला दिला नाही. दिला असता तर पुढे बिघडल्यावर त्यांच्या माथी मारता आलं असतं. ती सोय यांनी ठेवली नाही.

मी बाहेर जाऊन काकांना दारापाशी बोलावलं. मीटर आधी पुढच्या दाराला लावून दाखवलं, मग मागच्या. त्यांना समजवावं लागलं नाही. त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतलं, स्वतः चार ठिकाणी लावलं, चष्मा वर करून आकडे वाचले. मग अंगठा त्या पट्टीच्या धारेवरून दोनदा फिरवला.

"दुरुस्त केलेला माल नवा म्हणून दिला," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. ते स्टुलावर जाऊन बसले आणि म्हणाले, "ताई, एक सांगू काय? तुम्ही हे पोरीला सांगू नका. मी आयुष्यभर एक वस्तू अशी पुढं जाऊ दिली नाही. पण ही जाऊ द्या. गाडी आली तेव्हापासून ती इतकी खूश आहे. पेढे वाटून राहिली अजून. तिचा आनंद काहून मोडायचा? तुम्ही लावा ते कोटिंग."

मला हे अपेक्षितच नव्हतं. इतका वेळ मी सांगायचं धाडस गोळा करत होते, आणि ज्यांना सांगितलं तेच म्हणत होते गप्प राहा. क्षणभर वाटलं, बरंच झालं. शोरूमही खूश, काकाही खूश.

"काका," मी म्हटलं, "कोटिंग लावलं तर ते दार वर्षाच्या आत खराब होईल. तेव्हा तुमची मुलगी माझ्याकडे येईल. मी तिला काय सांगू? तू गाडी उन्हात लावतेस म्हणून?"

त्यांनी पुन्हा त्या दाराकडे पाहिलं.

"मी एका माणसाला असं सांगितलंय. पुन्हा नाही सांगता येणार."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कुणाला सांगितलं, केव्हा, काही विचारलं नाही. खिशातून फोन काढला, रस्त्याच्या कडेला गेले आणि मुलीशी बोलले. पाठमोरे होते. दोन मिनिटांत आले. "येऊन राहिली," म्हणाले.

हिंजवडीहून येरवड्याला यायला प्रज्ञाला दोन तास लागले. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने आधी वडिलांना विचारलं, "बाबा, जेवलात का?" मग गाडीभोवती फिरून फोटो काढले, मीटरचे आकडे काढले, आणि मला म्हणाली, "तुम्ही हे लिहून द्याल? तुमच्या लेटरहेडवर, सहीनिशी. नाहीतर ते लोक म्हणतील डेटा कुठून आणला."

तोंडी सांगणं वेगळं आणि सही करणं वेगळं. तोंडी सांगितलेलं नंतर नाही म्हणता येतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी ड्रॉवरमधून लेटरहेड काढून टेबलावर ठेवलं. मी मराठीतच लिहिलं. कुठल्या भागावर किती जाडी, रंग ताजा असल्याची काय लक्षणं, आणि या अवस्थेत कोटिंग, सीलंट, वॅक्स काहीही लावू नये. खाली नाव आणि सही. प्रज्ञाने ते वाचलं आणि म्हणाली, "थँक यू, काकू." काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती दोघं त्या गाडीत बसून गेली. हार आरशाला तसाच होता.

शोरूमकडून दुसऱ्या दिवसापासून एकही गाडी आली नाही. मॅनेजरांचा फोनही नाही. आम्ही पुन्हा जुन्या गाड्यांची कामं घेऊ लागलो, सोसायट्यांमध्ये जाऊन वॅक्स करून देऊ लागलो. कामाला ठेवलेल्या दोघींपैकी एकीने दुसरीकडे काम धरलं. तिचा राग मला समजत होता. माझ्या सहीत तिचंही काम गेलं होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

प्रज्ञा तीन महिने पत्रं लिहीत राहिली, मग वकिलाची नोटीस गेली, आणि शेवटी त्यांनी गाडी बदलून दिली. नवी गाडी घेऊन बापलेक आमच्याकडे आले. या वेळी काकांनी शाळेची वही आणली होती. मी मीटर लावत गेले, आकडा सांगत गेले, ते एकेक लिहीत गेले. सगळी गाडी निर्दोष निघाली.

"आता करा कोटिंग," प्रज्ञा म्हणाली.

"गाडी कोण पुसतं?"

"बाबा. रोज. नको म्हटलं तरी."

"मग वॅक्स करू. त्यांना लावायला शिकवते. दर दीड-दोन महिन्यांनी हाताने लावतील. त्यांना काम राहील आणि गाडीवर रोज कुणाची तरी नजर राहील."

काका लगेच बाह्या सरसावून उभे राहिले. लावलं त्यांनी छान. फक्त वेळ फार घेतात.

गोष्ट इथे संपली असती तर मला ती सांगायला आवडली असती. पण त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "सरांचं काय?" मी म्हटलं, "इतक्या वर्षांनी?" हे म्हणाले, "मी नुसतं विचारलं."

जुन्या कार्डावर पत्ता होता. सहकारनगरला गेले. सरांनीच दार उघडलं. आधी ओळखलं नाही, मग म्हणाले, "अरे, पॉलिशवाल्या बाई! या, या." मी खुर्चीच्या टोकावर बसून सगळं सांगून टाकलं. दार आधीच रंगवलेलं होतं, मला माहीत होतं, तुमच्या उन्हाचा काही दोष नव्हता. सर शांतपणे ऐकत होते. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "ऐकलंत? मी म्हणत होते ना!"

"तू म्हणत होतीस की मी निष्काळजी आहे," सर तिकडे न बघता म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, ती गाडी मी गेल्या वर्षी विकली."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"घेणाऱ्याने विचारलं, दाराला काय झालंय," सर सावकाश म्हणाले. "मी त्याला सांगितलं, अपघात-बिपघात काही नाही, गाडीला कधी रंग लागलेला नाही. मी उन्हात लावायचो त्याने झालंय. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने घेतली. चाळीस वर्षं शिकवलं, बाई. मी खोटं सांगितलं असं कधी झालं नव्हतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते उठले, फडताळातून फोनची डायरी काढली आणि चष्मा शोधून एकेक पान उलटायला लागले. "भला माणूस होता. नंबर लिहून घेतलाय मी कुठेतरी." नंबर सापडला. त्यांनी फोन जवळ ओढला आणि आकडे फिरवायला लागले.

"सर," मी म्हटलं, "मी बोलते."

त्यांनी थोडा विचार केला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत होती. सर समोर बसून होते, त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी फोन उचलला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, आणि म्हटलं, "तुम्ही मला ओळखत नाही. पण तुमच्या गाडीच्या दाराबद्दल मला काही सांगायचं आहे."